कॉम्प्युटर बंद पडतो, थिजतो, रेंगाळतो: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासावं

प्रश्न असा आहे: चार-पाच वर्षं वापरातला विंडोजचा कॉम्प्युटर आहे. कधी निळा स्क्रीन येऊन रिस्टार्ट होतो, कधी चालता चालता हँग होतो, आणि एरवीही साधा फोल्डर उघडायला वेळ लावतो. रॅम वाढवावी, की सरळ फॉरमॅट मारावा?

आत्ता दोन्ही नको. बिघाड डिस्कमध्ये असेल तर फॉरमॅटने डेटा जाईल आणि बिघाड तसाच राहील. बिघाड रॅममध्ये असेल तर नवीन विंडोज त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरेल आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या फायली बिघडलेल्या असतील. कॉम्प्युटर दर वेळी बंद पडताना काही ना काही नोंद मागे ठेवतो. ती वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये, आणि ती वाचण्याच्याही आधी एक काम करायचं आहे.

आधी डेटा बाहेर काढा

डिस्कवर शंका घ्यायला जागा असेल, तर पहिलं पाऊल म्हणजे महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. फाईल कॉपी करताना मध्येच अडकणं, हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येणं, ठराविक फोल्डर उघडताच सगळं थबकणं, ही शंकेची लक्षणं. अशा डिस्कवर विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ स्लॅश आर (/r) देऊन चालवणं धोक्याचं, कारण ते डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (डेटा साठवायचा छोटा कप्पा) वाचायला जातं. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कचे उरलेले तास त्यात संपतात. आधी कॉपी, मग दुरुस्ती. हा क्रम कधीही उलटा करू नका.

त्यानंतर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन उघडा. वर ‘गुड’ लिहिलेलं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, खालचे आकडे पाहा. हार्ड डिस्कसाठी चार ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदलून घेतलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळत ठेवलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिघांची ‘रॉ व्हॅल्यू’ शून्य असायला हवी. सी५ शून्याच्या वर असेल तर थिजण्याचं कारण बहुधा तुमच्या हातात आलं आहे: डिस्क तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज वाट पाहत बसतं. सी७ मात्र वेगळी गोष्ट सांगतो. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजतो, म्हणजे संशय साटा केबलवर जातो. केबल बदला. आकडा शून्यावर परत येणार नाही, पण वाढायचा थांबला पाहिजे. एनव्हीएमई एसएसडीमध्ये (न फिरणारी, चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) या ओळी नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आहे का आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ किती उरला आहे ते पाहा. एक खबरदारी: हे साधन कच्चे आकडे बहुतेक वेळा षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे १० दिसलं तर ते १६ असतात.

अजून एक गोष्ट याच टप्प्यावर. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते आणि मालकाला ते ठाऊक नसतं. बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की बिटलॉकर (विंडोजची एनक्रिप्शनची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पुढचं काहीही करण्याआधी ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

नेमकं काय होतं ते ठरवा

‘बंद पडतो’ या एका तक्रारीत वेगवेगळे बिघाड लपतात. प्लग उपटल्यासारखा क्षणात काळोख होत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर. निळा स्क्रीन येत असेल, तर विंडोजच्या गाभ्याने (कर्नलने) चूक पकडून स्वतःला थांबवलं आहे आणि तिचा कोडही दिला आहे. फक्त एकच प्रोग्राम गळून पडत असेल, तर आधी त्या प्रोग्रामकडे, त्याच्या प्लगिनकडे बघा. मशीनला दोष नंतर.

थिजण्याचेही दोन प्रकार आहेत आणि ते कीबोर्डवरून ओळखता येतात. हँग झाल्यावर नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर गाभा जिवंत आहे. अडलंय ते डिस्कपाशी, ग्राफिक्सपाशी किंवा एखाद्या प्रोग्रामपाशी. दिवा हलत नसेल, माऊस जागेवर गोठला असेल आणि स्पीकरमधून आवाजाचा एकच तुकडा घरघरत असेल, तर तो पक्का हँग आहे. अशा वेळी रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, वीज किंवा अगदी खालच्या थरातला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्याकडे वळावं लागतं. दिवा हलतोय पण पडदा मेला आहे, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा परत आला, तर दोष कुठल्या बाजूला आहे ते त्याच क्षणी कळलं.

नोंदी वाचणं

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं शोधलं की दिवसावार आलेख उघडतो. लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय इन्स्टॉल झालं, हे तिथे एका नजरेत दिसतं. ‘अमुक अपडेटनंतर सुरू झालं’ असं माणसाला वाटतं, तेव्हा ते खरं आहे की नाही हेही इथेच ठरतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही), त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि ‘सिस्टीम’. इथे बहुतेकांची फसगत होते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसते, ‘क्रिटिकल’ असं लिहिलेलं असतं, आणि माणूस एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलून मोकळा होतो. पण ही नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं. कारण तिच्यात नसतं. कारणाचा धागा असतो. नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेककोड’ पाहा. तो शून्य असेल तर गाभ्याला काही लिहायची संधीच मिळाली नाही: वीज गेली, पक्का हँग झाला किंवा तुम्हीच बटण दाबून धरलंत. शून्य नसेल तर निळा स्क्रीन आला होता, मग तुम्ही तो पाहिला असो वा नसो. हा आकडा दशमान असतो, तर निळ्या स्क्रीनचे कोड षोडशमान पद्धतीत लिहितात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ मोड घ्या: २९२ चे १२४ होतात, २७८ चे ११६.

बाकी ज्या नोंदी शोधाव्यात त्या अशा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाखाली १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं. अर्धा-एक मिनिट सगळं थिजून आपोआप सुरू होतं, त्यामागे बहुधा हीच नोंद सापडते. ‘डिस्प्ले’ ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर गप्प झाला आणि परत आला. विंडोज त्याला मुळात २ सेकंदांचीच मुदत देतं. ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी म्हणजे हार्डवेअरने स्वतः दिलेली तक्रार, तिथे सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका. ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ २००४ म्हणजे मेमरी खरोखर संपली होती, आणि कोणत्या प्रोग्रामने किती खाल्ली त्यांची नावंही त्या नोंदीत असतात. नोंदींच्या वेळा आणि हँगच्या वेळा जुळवून पाहा. इव्हेंट व्ह्यूअर निरोगी मशीनवरही लाल-पिवळ्या खुणांनी भरलेला असतो, त्यामुळे वेळ जुळत नसलेली नोंद बाजूला ठेवावी.

निळा स्क्रीन येत असेल तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनीडंप’ हा उपफोल्डर पाहा. त्यात डंप, म्हणजे बंद पडतानाच्या मेमरीच्या नोंदी, साठतात. रिकामा असेल तर ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ इथे ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा आणि पेजफाईल (रॅममधला डेटा डिस्कवर ठेवायची फाईल) सी ड्राइव्हवर चालू ठेवा. सफाई करणारी साधनं हेच डंप कचरा समजून उडवतात, ती तूर्त बंद करा. डंप ‘विनडीबीजी’ या मायक्रोसॉफ्टच्या साधनामध्ये उघडून विश्लेषणाची कमांड दिली की संशयित फाईलचं नाव मिळतं. ते नाव ‘एनटीओएसकर्नल’ असेल तर हुरळून जाऊ नका. तो विंडोजचा गाभा आहे. चूक त्याच्या हद्दीत पकडली गेली, एवढंच ते सांगतं. पाच-सहा डंप शेजारी ठेवून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. दर वेळी एकच ड्रायव्हर दिसत असेल, तर तो ड्रायव्हर. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळी फाईल दिसत असेल, तर रॅम किंवा प्रोसेसर.

कोडचा अंदाज थोडक्यात: १२४ हार्डवेअर, ११६ ग्राफिक्स, ७ए म्हणजे पेजफाईलमधला डेटा डिस्कवरून परत वाचता आला नाही, म्हणून डिस्क, केबल आणि मग रॅम, १३३ पुष्कळदा स्टोरेजचा ड्रायव्हर किंवा एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर), १ए आला की आधी रॅम तपासा.

रॅम

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी पास झाली म्हणजे रॅम चांगली, असं धरू नका. ती ढोबळ चुका पकडते, नाजूक सोडून देते. ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट करा आणि चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवणं उत्तम. एक जरी चूक आली तरी निकाल नापास. ‘हजारात एक चूक चालते’ असं रॅममध्ये नसतं.

चुका आल्या की लगेच नवीन रॅम मागवू नका. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. खोक्यावर छापलेला वेग हा ओव्हरक्लॉकच (मूळ ठरलेल्यापेक्षा जास्त वेग) असतो आणि प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्ड जोडीला तो झेपेलच असं नाही. विशेषतः चार स्टिक भरल्यावर. बंद केल्यावर चुका थांबल्या तर वेग एक पायरी कमी ठेवा, प्रश्न मिटला. थांबल्या नाहीत तर एकेक स्टिक, एकाच स्लॉटमध्ये. स्टिक बदलली की चूक जाते, तर स्टिक खराब. स्लॉट बदलला की जाते, तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या पिना. खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासण्याची पद्धत जुनी आहे, पण रबर त्यावरचा पातळ मुलामाही खातं आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड पुरेसं असतं. कित्येकदा नुसतं काढून नीट ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवल्यानेही काम होतं.

उष्णता आणि वीज

‘एचडब्ल्यूइन्फो’ उघडून तापमान आणि प्रोसेसरचा वेग हे दोन आकडे एकत्र पाहा, आणि मशीनवर भार टाकून पाहा. रिकाम्या मशीनचं तापमान काहीच सांगत नाही. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपाशी स्वतःचा वेग उतरवतात. तरीही तापत राहिला तर मशीन क्षणात बंद होते. भार टाकताच काही सेकंदांत ९५ गाठलं, तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नीट बसलेला नाही, पंखा फिरत नाही किंवा थर्मल पेस्ट वाळली आहे. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढलं, तर धूळ आणि कोंडलेली हवा. हवेच्या झोताने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा.

लॅपटॉपमध्ये एक फसवं रूप असतं: तापमान ५०-६०, आणि तरीही प्रोसेसर ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला. हा उष्णतेचा प्रश्न नाही. पुष्कळदा मशीनने चार्जरची वॅट क्षमता ओळखलेली नसते, म्हणून ती स्वतःला आवळून घेते. ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७’ ही नोंद याला दुजोरा देते. मूळ क्षमतेचा चार्जर लावून बघा. चार्जर काढून फक्त बॅटरीवर वेग परत येतो का, तेही बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगली आहे. वापर तिथल्या तिथे थांबवा, चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू नका.

डेस्कटॉप गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करतानाच क्षणात बंद होत असेल आणि तापमान ठीक असेल, तर एसएमपीएस. १२ व्होल्टची रेघ ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये राहायला हवी. पण मदरबोर्डचे सेन्सर याबाबत फारसे भरवशाचे नाहीत, आणि मल्टिमीटरला भार वाढतानाची क्षणिक घसरण दिसत नाही. खात्रीची चाचणी एकच: चांगल्या स्थितीतला, पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं. ग्राफिक्स कार्डला दोन जोडण्या लागत असतील तर दोन स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असतो.

प्रोसेसर स्वतः क्वचितच बिघडतो, पण एक अपवाद ठाऊक हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ६५ वॅट व त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) चुकीमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. कंपनीने हे २०२४ च्या जुलैमध्ये मान्य केलं आणि ऑगस्टपासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. लक्षणं विचित्र होती: ग्राफिक्स मेमरी रिकामी असताना गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणायचे, मोठ्या इन्स्टॉलरच्या फायली उलगडताना चुका यायच्या. बायोस अपडेट पुढची झीज रोखतो. आधी झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो. या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे.

नुसताच हळू असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन प्रत्यक्ष रेंगाळत असताना पाहा. डिस्क १०० टक्के, पण वेग सेकंदाला एक-दोन एमबी, आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंद, असं दिसलं तर हार्ड डिस्क दमली आहे. फिरणारी डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभर वाचनं करू शकते. साधी साटा एसएसडी दहा हजारांच्या पटीत करते. आजचं विंडोज फिरत्या डिस्कवर सुसह्य होत नाही. विंडोजसाठी एसएसडी हा पहिला खर्च, रॅम त्यानंतर. मात्र मूळ डिस्कचा सी५ वाढलेला असेल तर जशीच्या तशी क्लोन करू नका. डेटा वेगळा काढा आणि एसएसडीवर विंडोज कोरं टाका.

रॅम वाढवायची की नाही हे ‘मेमरी’ टॅबमधल्या ‘कमिटेड’वरून (प्रोग्रामांना कबूल केलेली एकूण मेमरी) ठरवा. तो आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्क धावत असेल, तर रॅम खरंच कमी आहे. नुसती ‘८० टक्के वापरात’ ही तक्रार नव्हे. विंडोज मोकळी रॅम मुद्दाम कामाला लावतं. म्हणूनच ‘रॅम बूस्टर’ नावाची साधनं नुकसान करतात. ती रॅममधला उपयोगी डेटा बाहेर ढकलतात आणि तो पुढच्या क्षणी डिस्कवरून परत आणावा लागतो. रजिस्ट्री क्लीनर आणि आपोआप ड्रायव्हर शोधणारी साधनंही काढून टाका. निळ्या स्क्रीनचं मूळ कित्येकदा चुकीच्या ड्रायव्हरपाशीच सापडतं.

प्रोसेसर फक्त १२-१३ टक्के दिसतोय, तरीही प्रोग्राम अडलेला आहे? आठ थ्रेडच्या (एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या) मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा १२.५ टक्केच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, म्हणजे एकच रकाना माथ्याला टेकलेला दिसेल. अशा प्रोग्रामला जास्त कोअर देऊन उपयोग नसतो.

एसएसडी गच्च भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो, खासकरून स्वस्त क्यूएलसी प्रकारात. १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. आणि ‘मी रोज शटडाऊन करतो’ यावर विसंबू नका: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊनमध्ये गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तेच परत येतात. आठवडाभर चिघळलेला ड्रायव्हर तसाच राहतो. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावरचा ‘अपटाइम’ खरं काय ते सांगेल.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, याचा निकाल

इथवर धागा सापडला नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) चालवा, काही न इन्स्टॉल करता, आणि दोन-चार तास व्हिडिओ, ब्राउझर, थोडा भार असं काम करा. तिथेही मशीन थिजली तर विंडोज निर्दोष आहे. थिजली नाही, तर संशय विंडोज, त्याचे ड्रायव्हर आणि अंतर्गत डिस्क यांच्यापुरता उरतो, कारण लाइव्ह लिनक्स त्या डिस्कला हातच लावत नाही.

विंडोजच्या बाजूने त्याच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड आहेत: आधी ‘डिझम’चं ‘रिस्टोअरहेल्थ’ आणि त्यानंतर ‘एसएफसी’चं ‘स्कॅननाऊ’ चालवा, दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. क्रम असाच हवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. मग क्लीन बूट: ‘एमएसकॉन्फिग’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवून बाकीच्या बंद करा. त्रास थांबला तर अर्ध्या चालू करा, पुन्हा निम्म्या. वीस सर्व्हिसमधला दोषी चार-पाच फेऱ्यांत सापडतो. ग्राफिक्सचा संशय असेल तर ‘डीडीयू’ने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि निर्मात्याच्या साइटवरचा टाका.

डिस्क, रॅम, उष्णता आणि वीज या चारही चाचण्या पास झाल्या आणि क्लीन बूटनेही काही हाती लागलं नाही, की मग फॉरमॅट योग्य. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे नवीन विंडोज निवडताना धरून चला. कोऱ्या विंडोजवर सगळे प्रोग्राम एका दमात टाकू नका. आधी चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाका, एक-दोन दिवस वापरा, मग बाकीचं.

एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह लिहून ठेवा. दोन दिवसांतून एकदा हँग होणारी मशीन एक दिवस नीट चालली म्हणून सुधारली असं ठरत नाही. किमान आठवडाभर थांबून मगच पुढचा भाग बदला. आणि पुढे कुणाला विचारायची वेळ आली, तर हे सोबत द्या: मिनीडंपच्या फायली, क्रिस्टलडिस्कइन्फोचं पूर्ण चित्र, मेमटेस्टचा निकाल, भाराखालचं तापमान आणि वेग, एसएमपीएसचं मॉडेल आणि वापराची वर्षं, आणि त्रास कोणत्या कामाच्या वेळी होतो ते.